सगळ्या डोक्यालाच का देत नाही?

किरणोपचाराच्या प्लॅनिंगच्या खोलीबाहेर बसलेले, दुसऱ्या अवयवातला कर्करोग मेंदूत पसरलेल्या रुग्णांचे नातेवाईक मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात तो प्रश्न असा : "एमआरआयमध्ये तीन गाठी दिसल्या, पण न दिसणाऱ्याही असतीलच ना? मग एकदाचा सगळ्या डोक्याला शेक देऊन का टाकत नाही?"

प्रश्न अगदी रास्त आहे. विचारणाऱ्याला आजार बराचसा कळलेला असतो आणि आपल्या माणसासाठी काही करायचं राहून जाऊ नये ही तळमळ त्यात असते. दोन वाक्यांत उत्तर देऊन अशा माणसाची बोळवण करणं मला पटत नाही. पण एक रुग्ण टेबलावर आणि दुसरा बाहेर ताटकळत असताना सविस्तर बोलणं जमतंच असं नाही. म्हणून हे लिहितेय.

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. किरणोपचार द्यायचा की नाही, किती द्यायचा, हे डॉक्टर ठरवतात. स्क्रीनवर गाठीची रेघही तेच आखतात. त्या गाठीला ठरलेला डोस पूर्ण मिळेल आणि शेजारच्या मेंदूला कमीत कमी पोचेल अशी किरणांची मांडणी करायची, आणि मशीन प्रत्यक्षात ती तशीच देतंय याची खात्री करायची, हे माझं काम. म्हणजे दिवसाचा बराचसा वेळ मी गाठीपेक्षा गाठीच्या आजूबाजूला काय आहे हेच बघत असते. वरच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे.

आधी आजाराबद्दल थोडं. फुप्फुस, स्तन, मूत्रपिंड किंवा त्वचेच्या मेलॅनोमा या प्रकारातल्या कर्करोगाच्या पेशी रक्तातून मेंदूत पोचतात आणि जिथे रक्तवाहिन्या बारीक होत जातात तिथे अडकून वाढायला लागतात. मेंदूत गेल्या तरी त्या मूळ अवयवाच्याच पेशी राहतात. फुप्फुसाचा कर्करोग मेंदूत गेला म्हणून तो मेंदूचा कर्करोग होत नाही. आमच्या दृष्टीने यात एक मोठी गोष्ट आहे. मेंदूतच जन्मलेले काही ट्यूमर आसपासच्या पेशींमध्ये मुळं पसरत जातात, त्यांची हद्द कुठे संपते ते दिसतच नाही. बाहेरून आलेली गाठ मात्र बहुतेक वेळा गोलसर असते आणि तिची कड बऱ्यापैकी स्वच्छ दिसते. कड दिसते म्हणून नेम धरता येतो.

असा नेम धरता येईल हे पहिल्यांदा सुचलं ते स्वीडनमधल्या लार्स लेक्सेल या मेंदूच्या सर्जनला. १९५१ साली त्यांनी ही कल्पना मांडली : कवटी न उघडता, अनेक दिशांनी बारीक किरण सोडायचे, प्रत्येक किरण एकटा दुबळा, पण सगळे जिथे एकत्र येतात त्या जागी भरपूर डोस. त्यावरून १९६८ मध्ये गॅमा नाइफ हे पहिलं यंत्र तयार झालं. तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कर्करोग नव्हता, मेंदूत खोलवर असलेले वेगळे विकार होते. आजच्या गॅमा नाइफमध्ये कोबाल्ट-६० चे १९२ स्रोत असतात. लेक्सेल यांच्याकडे काही काळ शिकलेले अमेरिकन सर्जन जॉन अॅडलर यांनी पुढे रोबोच्या हातावर बसवलेलं सायबरनाइफ आणलं. आणि नेहमीच्या किरणोपचाराचं लिनॅक यंत्र पुरेसं अचूक असेल तर त्यावरही हा उपचार होतो. मी ज्यावर काम करते ते लिनॅकच आहे. कुठलं यंत्र चांगलं यावर नातेवाईक फार वेळ घालवतात. माझं मत विचाराल तर यंत्राच्या नावापेक्षा ते चालवणारी टीम असा उपचार नेहमी करते का, हे विचारलेलं जास्त उपयोगी.

आता मूळ प्रश्न. सगळ्या मेंदूला किरणं देण्याचा उपचार जुना आहे आणि अजूनही होतो. साधारण दोन आठवडे, रोज थोडा असे दहा डोस, एकूण ३० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं एकक), ही त्याची रूढ पद्धत. न दिसणाऱ्या पेशींवर तो काम करतो हे खरं. पण मग तो सगळ्यावरच काम करतो. स्मृती जिथे तयार होते तो हिप्पोकॅम्पसचा चिमुकला भागही त्यातून सुटत नाही. केस जातात, थकवा येतो, ते एक वेळ चालतं. काही महिन्यांनी माणूस नवीन ऐकलेलं विसरायला लागतो, शब्द शोधायला लागतो, ते घरच्यांना सोसत नाही.

यावर नुसतं वाटण्याच्या पलीकडचा पुरावा आहे. अमेरिकेतल्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमधली २००९ साली प्रसिद्ध झालेली चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण गाठींवर नेम धरून दिलेल्या किरणोपचाराच्या जोडीला सगळ्या मेंदूलाही किरणं दिलेल्या गटाची शिकण्याची आणि लक्षात ठेवण्याची क्षमता जास्त घसरत होती. मग २०१६ मध्ये त्याहून मोठ्या चाचणीचे निकाल आले. २१३ रुग्ण, प्रत्येकाला एक ते तीन गाठी. तीन महिन्यांनी आकलनाच्या चाचण्यांमध्ये घसरण दिसली ती फक्त गाठींवर किरण घेतलेल्यांपैकी ६३.५ टक्क्यांमध्ये आणि सगळ्या मेंदूलाही घेतलेल्यांपैकी ९१.७ टक्क्यांमध्ये. पहिला आकडाही लहान नाही, हे मी लपवणार नाही. कुठल्याही एका चाचणीत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त घसरण झाली तरी ती धरली होती, आणि आजाराचा स्वतःचाही वाटा असतोच. पण दोन आकड्यांमधलं अंतर बघा. आणि ज्यांनी सगळ्या मेंदूला किरणं घेतली ते त्यामुळे जास्त जगले, असं दिसलं नाही.

गाठी जास्त असतील तर? जपानमध्ये ११९४ रुग्णांच्या पाहणीत, २०१४ साली, पाच ते दहा गाठी असलेले रुग्ण दोन ते चार गाठी असलेल्यांइतकेच जगल्याचं आढळलं. सगळ्यांना फक्त गाठींवरच किरण दिले होते. अर्थात त्या गाठी लहान होत्या. त्यामुळे आता आमच्याकडे नुसती संख्या मोजून निर्णय होत नाही, सगळ्या गाठींचं मिळून आकारमान किती याला जास्त वजन आहे. डझनावारी गाठी विखुरलेल्या असतील किंवा मेंदूच्या आवरणात पेशी पसरल्या असतील तर सगळ्या मेंदूला किरणं देणंच योग्य ठरू शकतं. फुप्फुसाच्या स्मॉल सेल प्रकारात तर पूर्वीपासून तोच रिवाज आहे. तेव्हाही हिप्पोकॅम्पस वगळून देता येतं का हे डॉक्टरांना जरूर विचारा.

उपचाराच्या आधीचा एमआरआय हा वादाचा विषय होतो. "आत्ता महिन्यापूर्वीच तर केला, परत कशाला?" असं म्हणत घरचे फाइल पुढे करतात. आम्हाला तो ताजा लागतो, आणि आमच्या पद्धतीचा लागतो : कॉन्ट्रास्ट देऊन, एक-एक मिलिमीटरच्या पातळ कापांचा. गाठ महिन्याभरात वाढलेली असू शकते, आजूबाजूची सूज कमी-जास्त झाल्याने जागची थोडी सरकलेली असू शकते, शेजारी नवीन ठिपका आलेला असू शकतो. एका मिलिमीटरचा हिशेब करायचा आणि चित्र महिन्यापूर्वीचं वापरायचं, हे मला मान्य नाही. यावर मी अडून बसते आणि बसत राहीन.

मग मास्क. प्लास्टिकची जाळीदार शीट गरम पाण्यात टाकली की मऊ पडते. ती चेहऱ्यावर ओढून बसवायची आणि घट्ट होईपर्यंत काही मिनिटं तशीच धरायची. उपचाराच्या वेळी हाच मास्क टेबलाला अडकवला जातो. काही रुग्णांना त्यात कोंडल्यासारखं होतं. त्यांच्यासाठी चेहऱ्याचा मधला भाग उघडा असलेला मास्क मिळतो, आणि कॅमेरे त्वचेच्या हालचालीवर सतत नजर ठेवतात.

फुप्फुसाचा आजार असलेले एक काका मला इथे आठवतात. तीन गाठी, त्यातली एक उजव्या हाताची हालचाल सांभाळणाऱ्या भागाला चिकटून. त्यांना मास्कची, किरणांची कशाचीच भीती नव्हती. मास्कचं माप घेताना त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, मला मधेच खोकला आला तर?" सोबत आलेली त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा, दाबून धरा ना थोडा वेळ." ते तिच्याकडे बघून नुसते हसले. दाबता येणारा खोकला नव्हताच तो.

मी त्यांना सगळं दाखवलं. हातात एक रबरी फुगा देतो, तो दाबला की बाहेर आवाज होतो. खोकला येतोय असं वाटलं की दाबायचा. आम्ही बीम थांबवतो. आधी दाबायचं राहिलं आणि खोकला आलाच, तरी कॅमेऱ्याला डोकं हललेलं दिसतं, आणि ठरवलेल्या मर्यादेच्या बाहेर गेलं की किरण आपोआप बंद होतात. मग खोकून घ्यायचं, श्वास बसू द्यायचा, आम्ही टेबलावरच पुन्हा स्कॅन काढून जागा जुळवतो आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू करतो. डोस वाया जात नाही, चुकीच्या जागी जात नाही. काकांनी तो फुगा तिथल्या तिथे दाबून बघितला, आवाज ऐकला, परत एकदा दाबला, आणि मग मान टेकवून म्हणाले, "हां, आता करा." उपचाराच्या दिवशी त्यांनी तो दाबलाही. आम्ही थांबलो, जुळवलं, पूर्ण केलं. माझी सगळ्या रुग्णांना विनंती आहे की असे प्रश्न मास्कच्या दिवशीच विचारा. सरळ झोपवत नाही, लघवीला सारखं जावं लागतं, पाठ दुखते, जे असेल ते. प्रत्येकावर काही ना काही उपाय असतो, पण तो आधी कळला तर.

काकांच्या प्लॅनवर मी बराच वेळ बसले होते. या उपचारात डोस आकारावर ठरतो. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला एकाच वेळी २४ ग्रे, दोन ते तीनच्या दरम्यान १८, तीन ते चारच्या दरम्यान १५. अमेरिकेत नव्वदच्या दशकात झालेल्या एका चाचणीतून, आधी किरणोपचार झालेल्या रुग्णांवर, या मर्यादा ठरल्या आणि आजही जगभर सुरुवात याच आकड्यांपासून होते. मोठ्या गाठीला कमी डोस, हे ऐकून लोक गोंधळतात. पण व्यास दुप्पट झाला की आकारमान आठपट होतं आणि तिच्याभोवती डोस झेलणारा निरोगी मेंदूही त्याच मानाने वाढतो. म्हणून मोठी गाठ असेल तर एका सिटिंगमध्ये न देता तीन किंवा पाच सिटिंगमध्ये विभागून देतात. "आमचं एकात का नाही झालं, आजार जास्त आहे का?" असं कोणी विचारलं की मी हेच समजावते.

नेहमीच्या किरणोपचारात गाठीभर डोस एकसारखा असावा यासाठी धडपड असते. इथे उलट आहे. गाठीच्या पोटात डोस मुद्दाम चढू देतो, कारण मध्यभागी जितका चढा, तितका कडेच्या बाहेर तो झपाट्याने उतरतो. स्क्रीनवर गाठीभोवती रंगीत रेघा दिसतात, एकेका डोसची एकेक. माझं लक्ष असतं १२ ग्रेच्या रेघेवर. त्या रेघेच्या आत येणारं आकारमान ५ घनसेंटिमीटर असेल तर पुढे त्रास देणाऱ्या रेडिओनेक्रोसिसचा, म्हणजे किरणांनी पेशी मरून त्यांच्याभोवती सूज येण्याचा, धोका अंदाजे १० टक्के, १० असेल तर १५ टक्के, आणि १५ च्या पुढे गेलं तर २० टक्क्यांच्या आसपास. काकांच्या हाताच्या भागाकडची ती रेघ आत ओढण्यासाठी मी किरणांचे कोन बदलून बदलून बघत होते. गाठ दृष्टीच्या नसेजवळ असेल तर याहून कडक हिशेब : एका सिटिंगमध्ये तिला ८ ते १० ग्रेच्या वर जाऊ द्यायचं नाही.

उपचाराच्या दिवशी सकाळी रुग्णाआधी मशीनची परीक्षा होते. टेबलावर धातूचा एक छोटा गोळा ठेवायचा, मशीन आणि टेबल वेगवेगळ्या कोनांत फिरवून त्याची चित्रं घ्यायची, आणि प्रत्येक चित्रात गोळ्याचं केंद्र किरणाच्या केंद्रापासून एक मिलिमीटरच्या आत आहे ना ते मोजायचं. आकडा बसला नाही तर कारण सापडेपर्यंत कोणालाही आत घेत नाही. बाहेर उपाशी, घाबरलेली माणसं वाट बघत असतात हे मला माहीत असतं. तरी नाही.

प्रत्यक्ष उपचारात काहीही जाणवत नाही. मशीन फिरतं, आवाज येतो. माणूस चालत घरी जातो. केस सहसा जात नाहीत. गाठ कवटीच्या अगदी जवळ असेल तर तेवढ्या जागेचे कधी कधी जातात. सूज उतरवण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड चालू असेल तर झोप उडते, भूक वाढते, साखर चढते, चिडचिड होते. त्याला कंटाळून ते मनाने बंद करू नका, एकदम तर कधीच नाही. डॉक्टर उतरत्या क्रमाने बंद करतात त्याला कारण आहे.

आणि आता उत्तराचा दुसरा अर्धा भाग, जो सांगितल्याशिवाय पहिला अर्धा अपुरा आहे. सगळ्या मेंदूला किरणं दिली नाहीत तर नवीन ठिकाणी गाठ येण्याची शक्यता जास्त राहते. वर्षभरात निम्म्याच्या आसपास रुग्णांमध्ये ती येते. बाकीचा मेंदू राखायचा असेल तर त्याच्यावर नजर ठेवावी लागते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय. लवकर सापडलेली पाच मिलिमीटरची गाठ पुन्हा याच पद्धतीने आटोपते. उशिरा, आकडी येऊन सापडलेली मोठी गाठ तशी आटोपत नाही. काही औषधं आता मेंदूतही चांगली पोचतात आणि काही रुग्णांमध्ये किरणोपचार पुढे ढकलता येतो, पण एमआरआय त्यांनाही चुकत नाही. बरं वाटतंय म्हणून तारीख टाळणारी माणसं बघितली की माझा जीव तुटतो.

त्या रिपोर्टांची एक वेगळी धास्ती असते. उपचार झालेली गाठ दुसऱ्या दिवशी नाहीशी होत नाही, काही आठवडे ते महिने लागतात, कधी डाग कायमचा राहतो. आणि काही महिन्यांनी, कधी वर्ष उलटून गेल्यावर, तीच जागा पुन्हा मोठी दिसायला लागते. तेव्हा दोन शक्यता असतात : गाठ परत आली, किंवा किरणांनी मेलेल्या पेशींभोवती सूज आली, म्हणजे रेडिओनेक्रोसिस. साध्या एमआरआयवर दोन्ही सारखंच दिसतं. रिपोर्टमध्ये "वाढ" असा शब्द वाचून घरात रडारड झालेली असते आणि पुढे ती नेक्रोसिस निघते, असं होतं. मग पर्फ्युजन एमआरआय (तिथला रक्तप्रवाह दाखवणारा), पेट स्कॅन, किंवा थोडे आठवडे थांबून परत स्कॅन. स्टेरॉइडने बहुतेकांना उतार पडतो, नाहीतर बेव्हॅसिझुमॅब हे औषध देतात, क्वचित शस्त्रक्रिया करून तुकडा तपासावा लागतो.

अशा वेळी डॉक्टर मला जुना प्लॅन उघडायला सांगतात. नवीन एमआरआय त्यावर चढवायचा आणि बघायचं : हा ठिपका जुन्या रेघांच्या आत आहे की बाहेर? आत असेल तर वरचा सगळा विचार. बाहेर असेल तर ती नवीन गाठ, तिला नवीन डोस, मागचा हिशेब धरून. काका पुन्हा आले तेव्हा दोन ठिपके होते, दोन्ही जुन्या रेघांपासून लांब. हातात पेन धरून त्यांनी संमतीपत्रावर सही केली, उजव्याच हाताने, आणि फुगा कुठे आहे ते आधी विचारलं.

त्यांचा जुना प्लॅन आमच्याकडेच होता म्हणून काम सोपं झालं. सगळ्यांचं तसं होत नाही. गाव बदलतं, डॉक्टर बदलतात, आणि दुसऱ्या ठिकाणच्या फिजिसिस्टच्या हातात येतो तो फक्त "मेंदूला रेडिएशन दिलं" एवढं लिहिलेला कागद. त्यावरून तिला काहीच मोजता येत नाही. म्हणून उपचार संपला की तिथल्या विभागाकडून हे मागून घ्या : कुठल्या गाठीला किती ग्रे, किती सिटिंगमध्ये, कुठल्या तारखेला याचा लेखी गोषवारा, आणि प्लॅनिंगच्या सीटी-एमआरआयसकट डोसच्या डायकॉम (दुसऱ्या रुग्णालयाच्या कॉम्प्युटरलाही वाचता येणाऱ्या) फाइली सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर. छापील चित्रं नकोत, फाइली हव्यात. दोन प्रती करा, एक घरातल्या दुसऱ्या कोणाकडे ठेवा, आणि पुढच्या प्रत्येक एमआरआयच्या वेळी सोबत न्या.